वहिनी, कलकत्त्याचं तणस पाहून आलो

वहिनी, जाऊन आलो. अख्खी टोळी गेली आणि अख्खी टोळी धडधाकट परत आली. सिंधूची एक चप्पल तेवढी हावड्याच्या फलाटावर राहिली, पण तिची चप्पल घरीसुद्धा कधी जागेवर नसते. काल सकाळी वरठी स्टेशनला उतरलो. पाय सुजलेत, घसा बसलाय, आज शाळेत रजा टाकली आहे आणि अंघोळ करून पहिलं काम कुठलं, तर तुला सांगायला बसले आहे.

ज्येष्ठात तू गेलीस तेव्हा माझ्या हातून एक ओळ लिहिली गेली नव्हती. तेराव्यापर्यंत मी दादाच्या घरात चहा वाटत फिरत होते, आणि कुणी तुझ्याबद्दल गोड बोललं की माझं डोकं फिरायचं. "बिचारी गरीब होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात." कोण? कौतिका? अख्ख्या पवनीच्या बाजारात भाव पाडून घेणारी, नवऱ्याला बोलण्यात आणि नणंदेला भांडणात कधी हार न जाणारी माझी भावजय गरीब? माणूस मेलं की लोक त्याला असं धुऊन काढतात की ओळखूच येत नाही. मला ती धुतलेली वहिनी नको होती. मला तीच पाहिजे होती, गुडघ्यापर्यंत चिखल, कंबरेला खोचलेला पदर आणि तोंडात माझ्यासाठी तयार ठेवलेलं उत्तर.

रोवणा संपला की टोळीनं एक शहर पाहायचं, ही टूम तुझीच. आपल्या गावात रोवण्याच्या टोळ्या पूर्वीपासून आहेत. आषाढ-श्रावणात चिखलात वाकून, मागं मागं सरकत धानाचे परे लावायचे, अंगणात भजी तळून खायची, संपलं. तू म्हणालीस, महिनाभर उलटं चालतो, चार दिवस सरळ चालून पाहू. मजुरीतलं थोडं मागे ठेवायला लावलंस, आणि पाट्या वाचायला कोणीतरी लागतं म्हणून भंडाऱ्याहून मला बोलावून घेतलंस. मी मास्तरीण. मला वाटलं, चला, आता या बायांना शहर दाखवू. कशाचं काय! पहिल्याच वर्षी नागपुरात मी सगळं आखून नेलं होतं, संग्रहालय, बाग, मोठं देऊळ. तू स्टेशनबाहेर उभी राहून चौफेर पाहिलंस आणि विचारलंस, "येवढे लोकं भात खातेत, पन धान तं कुठीच दिसून नाही राहिलं. मंग तांदूळ ठेवतेत कुठी?"

झालं. संग्रहालय राहिलं बाजूला आणि आपण धान्यबाजारात. तुम्ही सगळ्या पोत्यांत हात घालून तांदूळ ओळखत बसलात, हा आपला, हा गोंदियाचा, हा जुना, याच्यात मिसळ आहे. व्यापारी आधी चिडला, मग त्यानं खुर्च्या मागवल्या, मग चहा. मी मात्र उन्हात उभी राहून फणफणत होते.

तुझा नियम सोपा होता. आपल्या घरात जे आहे तेच शहरात कसं होतं ते पाहायचं. पाणी कुठून येतं, म्हशी कुठं बांधतात, फाटलं तर कोण शिवतं, मेलेल्याला कुठं नेतात. मुंबईत समुद्रापुढे सगळं जग फोटो काढतं, आणि तू मागं वळून विचारत होतीस की दुधाच्या म्हशी राहतात कुठं. शेवटी गोरेगावच्या एका तबेल्यात आपली दुपार गेली. तिथल्या भैय्याशी तू अर्धी झाडीबोली आणि अर्धी हिंदी बोलत होतीस, आणि त्याला सगळं समजत होतं. मला म्हणालीस, "मास्तरीनबाई, समुद्र काय, दरसाल हाय तिथंच राहीन. हे म्हस उद्या आटली तं?"

आणि हैदराबाद! तिथला तो शहराच्या पोटातला तलाव पाहून तू आधी खूश झालीस. आपल्याकडे तलाव म्हणजे घरचा माणूस. मग काठाकाठानं चालत सुटलीस, पाट कुठं आहे, पाणी सोडायची पाळी कोणाची, हे शोधत. नाववाल्याला विचारलंस. त्याला प्रश्नच कळेना. हळूहळू तुझा चेहरा उतरला. "येवढा भल्ला मोठा तलाव अन् खाली धानाची एक बांधी नाही?" असं म्हणून तू कठड्यावर मटकन बसलीस. कुणाच्या घरी मयत झाल्यासारख्या तुम्ही सगळ्या त्या तलावापाशी बसून राहिलात आणि मी हसू दाबत आइस्क्रीम खात होते. तिथून जवळच एवढा नामी किल्ला होता, वहिनी. तो आजही माझा पाहायचा राहिला आहे. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

कलकत्त्याचं तुझ्या डोक्यात शिरलं ते गेल्या साली दसरा झाल्यावर. विसर्जनाला पाण्यात शिरवलेली दुर्गा आपल्या तलावाच्या काठाला लागली होती. माती विरघळून गेलेली, आत नुसता तणसाचा सांगाडा. बाया हात जोडून निघून गेल्या. तू मात्र पाण्यात उतरून त्या सांगाड्याची बांधणी चाचपून पाहत होतीस. धानाचं तणस, आपण गायीम्हशींना घालतो तेच. मूर्तीवाल्यानं सांगितलं की ही विद्या बंगालची, कलकत्त्यात देवी बनवणाऱ्यांची एक अख्खी वस्ती आहे. तेव्हापासून उठता बसता तुझं एकच. "देवी बांधाले घेतेत तं आंधी काय बांधतेत? हात, का पाय, का मुंडकं?" मी म्हणायचे, मला काय माहीत, पुस्तकात नाही. तू म्हणायचीस, "मंग तुही पुस्तकं कायच्या कामाची?"

आणि मग तूच गेलीस.

आषाढात टोळी तुझ्याशिवाय रोवायला उतरली. मी रविवारी आले होते, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी होते. रांग लागली की धुऱ्याकडची जागा तुझी, तिथून तू चाल धरायचीस आणि बाकीच्या तुझ्यामागं. त्या दिवशी रांगेत सगळ्या होत्या, पण कुणाची चाल कुणाला लागत नव्हती. कुणी पुढे, कुणी मागे. धान लागलं, पण रांगा वाकड्या आल्या. टोळीतल्या वडीलधाऱ्या वच्छलाबाई त्या वाकड्या रांगांकडे पाहून हात धुवायला गेल्या. तेव्हा मला भीती वाटली. तू गेलीस ते गेलीस, पण आता हेही मोडणार. दोन वर्षांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही की आपल्या गावच्या बाया शहरं पाहायला जात होत्या.

तिकिटांचा विषय मी काढला तेव्हा दादा भडकला. "वरीस नाही झालं तिले, अन् तुमी मिरवाले चालल्या? लोकं तोंडात शेण घालतीन." त्याचंही खरं होतं. घरात वर्षभर गोड नाही, सण नाही, आणि नणंद निघाली कलकत्त्याला. टोळीतल्या दोघी-तिघी लगेच म्हणाल्या, राहू द्या मास्तरीनबाई, कौतिका नाही तं कायले जाता. मी दादाशी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात वच्छलाबाई बोलल्या. जन्मात ज्या बाईनं पुरुषमाणसापुढं पदर खाली घेतला नाही, ती बोलली. "भाऊ, सनाले नाही चाललो. तिचं इचारनं बाकी हाय, ते इचारून येतो." दादानं खाटेची सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "वरठीपर्यंत मीच सोडून देतो." बास. एवढंच.

तर हावडा. पुलाकडे जाणारा तो रस्ता, त्यावर बस, हातगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं, सगळं एकदम अंगावर येणारं. आपली टोळी सवयीनं रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांनी सवयीनं कडेला पाहिलं. कडेला कुणी नव्हतं. गाड्या जात होत्या, आपण उभ्या. इतक्या लांब येऊन रस्ता ओलांडता येईना! वच्छलाबाईंनी माझ्या पाठीला हात लावला आणि मला कडेला ढकललं. "चाल धर वो." वहिनी, मी चाल धरली. कशी धरली ते विचारू नकोस. एका बसवाल्यानं मला शिवी दिली आणि मी त्याला अस्सल पवनीची परत केली. पलीकडे पोचल्यावर सिंधू म्हणाली, "आता कसं, कौतिका वहिनीसारखी बोलली!"

आता ऐक, तू नव्हतीस म्हणून मी एक डाव साधून घेतला. त्यांना संगमरवराची ती प्रसिद्ध पांढरी इमारत दाखवायला नेलंच. जन्माची हौस होती माझी. मी इतिहास सांगत होते, अगदी वर्गात सांगते तसा, आणि मागं वळून पाहते तर टोळी गायब. कुठं? बाहेर हिरवळीवर, गवत कापणाऱ्या माळ्याभोवती. कापलेलं गवत जातं कुठं, याची चौकशी चालली होती. मी कपाळाला हात लावला. पण इमारत मी पूर्ण पाहिली, एकटीनं, आणि फार सुंदर आहे, हे तुला ठासून सांगते.

मग देवीवाल्यांची वस्ती. अरुंद गल्ली, दोन्हीकडे उघडी दुकानं, ओल्या मातीचा वास आणि जिकडं पाहावं तिकडं तणसाच्या देव्या. डोकी नाहीत, हात पसरलेले, भिंतींना टेकून रांगेनं उभ्या. सिंधूच्या तोंडून निघालं, "अवो माय, इथं तं सारं आपलंच हाय!" बायांनी हात लावून पाहिलं. लांब, अख्खं तणस. आपल्याकडे आता यंत्रानं कापतात तर त्याचा चुराच होतो, असं लांब तणस पाहून म्हाताऱ्या बाया हरखून गेल्या. कारागीर आपापल्या कामात, कुणी आमच्याकडे पाहतही नव्हतं.

आणि तिथं आपल्या लोकांनी एक पराक्रम केला.

एका दुकानापुढे गल्लीतच तणस पसरून ठेवलेलं होतं, ओलंचिंब. कारागीर चहाला गेला असावा. वर आभाळ भरून आलेलं. मी पाटी वाचायला मान वर केली, तेवढ्यात मागं सळसळ झाली. वळून पाहते तर सगळ्यांचे पदर खोचलेले. तणस उघड्यावर आहे, भिजलं आहे, पाऊस येतो आहे, एवढं आपल्या बायांना पुरतं. दोघींनी झटकायला घेतलं, दोघींनी पेंढ्या बांधल्या, वच्छलाबाई मधोमध बसून रचायला लागल्या. मी ओरडत राहिले, "अवो, लोकांचं आहे ते, हात नका लावू!" सिंधू म्हणते, "लोकायचं आहे म्हनूनच तं! सडन ना!" बघता बघता गल्लीच्या बरोब्बर मधात आपल्या खळ्यावर असतो तसा गोल, वर निमुळता, घट्ट पुंजणा उभा राहिला. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. आणि माणूसही पलीकडे जाणार नाही असा.

पलीकडून नेमकी एक हातगाडी आली. त्यावर मातीची दहा हातांची देवी, डोळे काढायचे बाकी. अलीकडून दुसरी गाडी, बांबूंची. दोन्ही अडकल्या. हमालांचा आरडाओरडा, दुकानांतून माणसं बाहेर, आणि हातात मातीचा पेला घेऊन पळत येणारा म्हातारा कारागीर, "ए की! ए की!" म्हणजे हे काय, हे काय, करत. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हात जोडून माझ्या हिंदीत सांगितलं, बाबा, गाँव की औरतें हैं, भीग रहा था इसलिए. त्यानं डोकं धरलं. भिजत नव्हतं ते, त्यानंच भिजवलं होतं. कोरडं तणस वाकवलं की मोडतं, देवीचा कोपर वळवायचा तर ते ओलं पाहिजे. सकाळपासून पाणी मारून मारून त्यानं ते मऊ केलं होतं, आणि आपण झटकून टाकलं!

मी टोळीला समजावून सांगितलं. वच्छलाबाईंचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. आपल्या सगळ्या जन्मात ओलं तणस म्हणजे नुकसान. ते मुद्दाम भिजवणारा माणूस असतो, हे कोणाच्या मनात येणार!

म्हातारा पुंजण्याभोवती एक चक्कर मारून आला. हातानं ढकलून पाहिलं. मग खांद्यानं ढकललं. हलला नाही. मग तो हसायला लागला, वहिनी, पोट धरून. पाहता पाहता हमाल हसायला लागले, अख्खी गल्ली हसायला लागली. "कहाँ का लोग है?" सिंधूनं छाती काढून सांगितलं, "भंडारा! धान का जिल्हा!" भंडारा त्याला कळलं नाही, धान कळलं. "धान तो हमारा भी," तो म्हणाला.

बायांनी पुंजणा जेवढ्या झपाट्यानं घातला होता त्याच्या दुप्पट झपाट्यानं उतरवला, नळावरून पाणी आणून तणस पुन्हा भिजवलं, गाड्या सोडल्या. बिनडोळ्यांची देवी आपल्यामधून गेली तेव्हा सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मग म्हाताऱ्यानं आम्हाला आत बसवलं आणि मी त्याला तुझा प्रश्न विचारला. अगदी तुझ्याच शब्दांत, हिंदी करून. पहिले क्या बाँधते हो?

ऐक उत्तर. आधी बांबूचा आधार, मग धड, मग पाय, मग हात. डोकं तणसाचं नसतंच. ते साच्यात वेगळं करतात आणि सगळ्यांत शेवटी बसवतात. मी हे टोळीला सांगितलं आणि सगळ्या माझ्याकडे पाहून हसायला लागल्या. मलाही कळलं का ते. तू असतीस तर भर गल्लीत मला म्हणाली असतीस, "पाह्य, मास्तरीन, मुंडकं सर्व्यात शेवटी लागते, देवीलेसुदा!" आणि हे मला आयुष्यभर ऐकवलं असतंस. ऐकलं असतं गं. रोज ऐकलं असतं.

त्यानं मग ओल्या तणसाची एक जुडी वच्छलाबाईंपुढे ठेवली. तो सुतळीनं बांधतो. वच्छलाबाईंनी सुतळी बाजूला सारली, चार काड्या काढल्या, पीळ दिला आणि आपण भारा बांधतो तसा तणसाचाच बंद मारला. म्हाताऱ्यानं ओढून पाहिलं. मग ती जुडी तशीच उचलून एका देवीच्या खांद्याला लावली, डावीकडे, खालून दुसरा हात. "रहने दो," म्हणाला. वरून माती थापली. आता तो बंद कुणाला दिसणार नाही. यंदा कलकत्त्यात लाखो लोक ज्या देव्यांपुढे उभे राहतील त्यांतल्या एकीचा हात आपल्या टोळीनं बांधलेला आहे.

मी रडले, वहिनी. मास्तरीण असून भर दुकानात, नाक पुसत रडले. तू हे पाहायला पाहिजे होतीस, दुसरं कुणी नाही, तू. वच्छलाबाईंनी मातीच्या हातानंच माझं तोंड पुसलं. "रडतं कायले? जित्त्या आहो ना आपून!"

परत येताना गाडीत कुणी झोपलं नाही. प्रत्येक डब्यातल्या प्रत्येक माणसाला देवीच्या हाताची गोष्ट सांगून झाली. ओडिशाच्या एका कुटुंबाला तर सिंधूनं दोनदा सांगितली.

वरठीला दादा आधीच येऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ वच्छलाबाईंना विचारलं, "इचारलं का?" त्या म्हणाल्या, "इचारलं, भाऊ. सांगितलं त्यानं." दादानं मान हलवली आणि सगळ्यांच्या पिशव्या एकट्यानं उचलायला लागला. कितीतरी वेळ तो पाठमोराच होता.

निघायचं तर टोळी हलेना. पुढच्या साली कोणतं शहर, हे फलाटावरच ठरतं, तूच लावलेली सवय. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, दिल्ली. वच्छलाबाई म्हणाल्या, चालते. सिंधू म्हणाली, चालते. सगळ्या म्हणाल्या, चालते. दरसाल तू घ्यायचीस तशी हरकत एकीनंही घेतली नाही. मी थांबले. गाडी निघून गेली, हमाल गेले, आणि मी थांबून राहिले की कुणीतरी भांडेल. कुणी भांडेना. मग मीच कंबरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "कायले? काय हाय वो तुमच्या दिल्लीत?"

आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तिथं भात खातेत का नुसत्या पोळ्या? यमुनेत मासोळी भेटते का? राष्ट्रपतीच्या घरी धुनं कोन धुते? वहिनी, दादानं तीनदा हाक मारली, तरी एकही बाई फलाटावरून हलेना.